४० मिलीचा हिशेब

डोहाळजेवणाचे फोटो अजून ग्रुपवर टाकायचे होते, तोवर आमची लेक आलीसुद्धा! ३१ वा आठवडा, वजन १४०० ग्रॅम. हॉस्पिटलची बॅग भरलेली नव्हती, ऑफिसात हँडओव्हर झालेला नव्हता. आणि मी एनआयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर, हातात ब्रेस्ट पंप घेऊन बसलेली.

इतक्या लवकर आलेल्या बाळाला दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिन्हींचा मेळ घालता येत नाही. तो साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास जमायला लागतो. तोवर दूध जातं ते बारीक नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. हो, तेच आपल्या आज्यांचं बोंडलं! माझ्याकडे काम एकच होतं, दिवसातून आठ वेळा पंप करायचं. पहिल्या दिवशी जेमतेम काही थेंब आले. सिस्टरने तेही सिरिंजमध्ये ओढून घेतले. वेळेआधी बाळंत झालेल्या आईच्या सुरुवातीच्या दुधात प्रोटीन जास्त असतं, त्यामुळे तिथे थेंबाथेंबाला किंमत.

पाच आठवड्यांनी लेक घरी आली, १९०० ग्रॅमची होऊन. निघताना सांगण्यात आलं, "अंगावर घेतलंत तर दमेल. पंप करून बाटलीने द्या. दर तीन तासांनी ४० मिली."

फ्रिजवरची एक्सेल शीट

आकडे म्हटलं की आम्ही दोघंही खूश. नवऱ्याने लगेच शीट बनवून फ्रिजवर लावली. वेळ, मिली, शी, शू. ४० गेलं की हिरवा रंग, ३५ ला पिवळा. पण हिशेब काही जमेना. पंपिंगला वीस मिनिटं, पाजायला अर्धा तास, मग ढेकर, मग बाटल्या आणि पंपाचे पार्ट उकळणं. तीन तासांतले दीड तास असे गेले की झोपायला उरणार किती?

शिवाय मला तिला अंगावर पाजायचं होतं. जवळ घेतलं की ती दोनदा तोंड मारायची, रडायची नाहीतर चक्क झोपायची. बाटली दिली की दहा मिनिटांत फस्त. हिला मी नकोच आहे, असं रात्री तीन वाजता वाटायला लागलं की दुसरं काही सुचत नाही.

शेवटी एका मैत्रिणीने लॅक्टेशन कन्सल्टंटचा नंबर दिला. बाई घरी आल्या, दोन फीड नुसती बघत बसल्या आणि पहिल्यांदा 'दमेल' या शब्दालाच हात घातला. पॉला मायर या अमेरिकन नर्स-संशोधिकेने १९८० च्या दशकात अशा बाळांचा ऑक्सिजन मोजला होता. अंगावर पिताना तो बाटलीपेक्षा जास्त स्थिर राहत होता. कारण साधं आहे. बाटलीतून दूध येतच राहतं, बाळाला दम खायला जागा मिळत नाही. आईजवळ ते स्वतःच्या लयीने थांबतं, श्वास घेतं, पुन्हा सुरू करतं.

"खरी अडचण वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "हिची ओढ अजून कमी पडते. पोट अर्धं भरलेलं असतानाच झोप लागते आणि मग वजन वाढत नाही. म्हणून बाटली एका दिवसात बंद करायची नाही."

आधी एकच फीड

सुरुवात दिवसातल्या एकाच फीडने केली, पहाटेच्या. तेव्हा दूध भरपूर असतं. त्याआधी अर्धा तास ती नुसत्या डायपरवर माझ्या छातीवर. हेच कांगारू मदर केअर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते, तेव्हा डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी सुरू केलेलं. भूक लागून रडण्याची वाट पाहायची नाही. ती हात चोखायला लागली, मान इकडेतिकडे वळवली की लगेच घ्यायचं. आधी मिनिटभर हाताने दूध काढायचं, म्हणजे तोंड लावल्या लावल्या धार मिळते. बाटलीची सवय झालेल्या बाळाला थांबायचा पेशन्स नसतो! तिला उलट्या हाताने धरायचं, मानेला आणि खांद्यांना आधार द्यायचा. डोक्यावर दाबायचं नाही. काही बाळांना पातळ सिलिकॉनच्या निपल शील्डचाही उपयोग होतो, पण तो जाणकाराला विचारूनच.

भाड्याने आणलेल्या बारीक काट्यावर पाजण्याआधी आणि नंतर तिचं वजन करायचं, त्याच कपड्यांत, त्याच डायपरमध्ये. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. पहिल्या दिवशी काटा चार ग्रॅम पुढे गेला. फक्त चार! मी रडले. माझी आई मात्र म्हणाली, "अगं, चार तर चार. स्वतःच्या कष्टाने कमावलेत तिने." उरलेलं दूध त्या दिवसापासून बाटलीऐवजी बोंडल्याने, तिला बसतं धरून, घोटाघोटाने दिलं. माझं दूध कमी होऊ नये म्हणून फीडनंतरचं पंपिंग चालूच होतं.

आठवड्याने पंधरा झाले. मग दोन फीड, मग चार. तिची मूळ ड्यू डेट उलटली आणि एका पहाटे काटा पंचेचाळीस ग्रॅमने पुढे गेला. पठ्ठीने तोंड पुसलं आणि झोपली.

काटा परत

त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड निघालं. बाई म्हणाल्या, "आता काटा परत करा." माझ्या पोटात गोळा. बाटलीवर मिलीच्या रेघा असतात, आईवर नसतात. पोट भरलं हे कळणार कसं? उत्तर सोपं होतं. गिळताना येणारा बारीक आवाज. सैल पडलेली मूठ. दिवसाला सहा किंवा जास्त ओले डायपर. आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांकडचं वजन. फ्रिजवरची शीट नवऱ्यानेच काढली. मी आणखी दोन दिवस मोबाइलवर गुपचूप नोंदी करत होते, ते सोडा.

आता ऑफिस. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते. पण ती बाळाच्या जन्मापासून मोजली जाते, ड्यू डेटपासून नाही. माझे पाच आठवडे एनआयसीयूतच संपले होते. मी परत गेले तेव्हा लेक कागदावर सहा महिन्यांची, पण खऱ्या अर्थाने चार महिन्यांचीच होती. त्यामुळे दुपारी पुन्हा पंप आणि सकाळ-संध्याकाळ-रात्र अंगावर, असं आमचं गाडं चाललंय. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक हा कायदेशीर हक्क आहे, ही माहिती एचआरला मी दिली!

तुमच्या टीममधली कुणी अशी परत आली, तर 'किती मिली पितं गं?' हे विचारू नका. दुपारी वीस मिनिटं छोटी मीटिंग रूम तिच्या नावावर बुक करून ठेवा. आतून कडी लागते ना, तेवढं बघा.