लैंगिक शिक्षण : घर, शाळा आणि शब्द

कुमारवयीन मुलामुलींना लैंगिक शिक्षण शाळेने द्यावे की आईवडिलांनी, हा वाद महाराष्ट्रात वारंवार उपस्थित होतो आणि निर्णय न लागताच मागे पडतो. २००७ साली राज्यातील शाळांमधला या विषयाचा शिक्षणक्रम स्थगित करण्यात आला, तेव्हाही त्यातील साहित्य अश्लील आहे, हाच मुख्य आक्षेप होता. या वादातील दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती ही की, असे शिक्षण देण्यास लागणारी भाषा घरी किंवा शाळेत तयारच आहे. प्रश्न उरतो तो केवळ ती कोणी वापरावी एवढाच. या गृहीताची तपासणी येथे करावयाची आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव वऱ्हाडी बोलीच्या प्रदेशात मोडते. अशा गावातील दहावीच्या विद्यार्थ्याला विज्ञानाच्या पुस्तकात अमीबापासून फुलापर्यंत आणि फुलापासून मनुष्यापर्यंत प्रजननाची माहिती मिळते. वृषण, शुक्राणू, अंडाशय, गर्भाशय हे तेथील शब्द शास्त्रदृष्ट्या निर्दोष होत. तथापि बोली ज्या शब्दाला आपलासा करते त्याला ती आपल्या उच्चाराने घडवीत असते. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ झाला तो रोजच्या वापराने. ‘वृषण’ आणि ‘अंडाशय’ मात्र छापले तसेच राहतात, कारण ते परीक्षेच्या कागदाबाहेर कोणाच्या तोंडी येत नाहीत. (शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात ज्या घरांतून कोरकू किंवा निहाली बोलतात, तेथील मुलाला तर पाठ्यपुस्तकाची मराठीच मुळात दुसरी भाषा असते.)

शाळेतील परिभाषेची अडचण एवढ्यावर संपत नाही. ‘लिंग’ हा शब्द विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो व्याकरणाच्या तासाला. नामाचे लिंग ओळखावयास सांगितले की मागच्या बाकावर खसखस पिकते, हा अनुभव मराठीच्या कोणत्याही शिक्षकास नवा नाही. ‘धातू’ची गत अधिक चमत्कारिक आहे. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ, रसायनशास्त्रात लोखंड-तांबे, आयुर्वेदात शरीरातील सात घटकांपैकी एक, आणि भिंतीवरच्या जाहिरातीत ‘धातू जाणे’ म्हणजे तरुणांना भिवविणारा एक कल्पित रोग. यांपैकी शेवटचा अर्थ कोणत्याही तासाला शिकविला जात नाही, पण मुलाला नेमकी त्याचीच चिंता लागलेली असते. ‘स्वप्नदोष’ या शब्दाने तर शिक्षकाचे काम आधीच बिघडवून ठेवले आहे. झोपेत वीर्यस्खलन होणे ही वाढत्या वयातील स्वाभाविक घटना आहे, हे सांगू पाहणाऱ्याला ‘स्वप्नदोष हा दोष नव्हे’ असे स्वतःचेच खंडन करणारे वाक्य उच्चारावे लागते.

आता घराकडे वळावे. मुलीच्या ऋतुप्राप्तीविषयी घरात शब्दांचा तुटवडा नाही : कावळा शिवणे, बाहेर बसणे, विटाळ, अडचण, शहाणी होणे. परंतु यांतील बहुतेक शब्द मुलीने कोठे बसू नये व कशाला शिवू नये एवढेच सांगतात. तिच्या शरीरात काय घडत आहे याविषयी ते मूक आहेत. अपवाद ‘पाळी’चा. वखराची पाळी, पाण्याची पाळी असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात हा शब्द ओळखीचा आहे. त्यात ना विटाळ आहे, ना संस्कृताचा भार. ठराविक काळाने पुन्हा येणारी गोष्ट, एवढेच तो सांगतो. म्हणूनच आज तो आई, परिचारिका व शिक्षिका या तिघींनाही सारखाच चालतो. मुलाच्या बाबतीत असा एकही शब्द घराने घडविलेला नाही. ‘वयात आला’ एवढे म्हणून घर गप्प बसते.

ही पोकळी रिकामी राहत नाही. प्रत्येक अवयवाला आणि प्रत्येक क्रियेला नाव असलेला संपूर्ण शब्दसंग्रह मुलाला मित्रांकडून मिळतो. तो शिव्यांचा असतो. त्यातून शरीराच्या माहितीबरोबर स्त्रीविषयीची तुच्छताही शिकविली जाते. हा शिक्षणक्रम कोणी स्थगित केल्याचे ऐकिवात नाही.

मराठीत या दोन टोकांमधली भाषा घडविण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या या गृहस्थाने संततिनियमनाच्या प्रचारापायी ती नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचकांच्या शंकांना ते त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झाला. ज्या शंका लोकांच्या मनात होत्या त्यांना लोकांच्या भाषेत उत्तर देणे हाच येथे अपराध ठरला, हे भाषाभ्यासकांनी विसरू नये.

या स्थितीत केवळ आईवडिलांवर भार टाकणे म्हणजे ज्यांना हे शब्द कधी मिळालेच नाहीत त्यांनी ते द्यावेत असे म्हणणे होय. आरंभ शाळेनेच केला पाहिजे. मात्र पुस्तकातील संज्ञा वाचून दाखविल्याने तो होणार नाही. विद्यार्थ्याच्या बोलीतील शब्द न दटावता ऐकणे, त्यातील शिवी बाजूला काढणे आणि त्याला शास्त्रीय संज्ञेशी जोडून देणे, हे मूलतः भाषाशिक्षकाचे काम आहे. ते एकट्या विज्ञानशिक्षकावर सोपविण्यात चूक झाली आहे. अशा शिक्षणाने मुले अकाली बिघडतात ही भीती युनेस्कोने संकलित केलेल्या संशोधनात खरी ठरलेली नाही. घराकडे एक काम तेवढे निःसंशय राहते : हात, नाक, कान शिकविताना उरलेल्या अवयवांनाही लाज न चिकटवता नाव देणे.

या नावांची गरज केवळ ज्ञानापुरती नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम २०१२ साली संमत झाला. त्याच्या २६व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्याने वा दंडाधिकाऱ्याने बालकाचा जबाब बालक जसे बोलेल तसाच नोंदवावयाचा असतो. ज्या बालकाला त्या अवयवासाठी शिवीखेरीज शब्दच ठाऊक नाही, आणि शिवी उच्चारल्यास मार बसतो हेही ठाऊक आहे, त्याच्या जबाबातील ती जागा कोरी राहते.