तीन शब्द आणि एक घड्याळ

सत्तरी ओलांडलेल्या माणसावर मोठी शस्त्रक्रिया झाली की पुढच्या एक-दोन दिवसांत तो कधीकधी एकाएकी गोंधळतो. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही, रात्री तो सलाईनची नळी ओढू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. याला डिलिरियम म्हणतात. स्मरणशक्ती आधीच थोडी उणावलेली असेल तर हा धोका वाढतो, आणि ही उणीव पुष्कळदा घरच्यांनाही जाणवलेली नसते. ती आधी हेरता आली तर गुंगीची औषधे जपून देता येतात, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवता येते, ओळखीचे माणूस जवळ बसवता येते.

त्यासाठी उपयोगी पडणारी ‘मिनी-कॉग’ ही तीनेक मिनिटांची चाचणी २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. रुग्णाला तीन शब्द सांगायचे, मग घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगायचे, आणि नंतर तेच शब्द विचारायचे. शब्दांना तीन गुण, घड्याळाला दोन. तीनपेक्षा कमी गुण पडले तर पुढची तपासणी.

ही चाचणी ग्रीकमध्ये न्यायची, तर तीन शब्दांचे भाषांतर पुरेल ना? तिच्यातला एक शब्दसंच ‘केळे, सूर्योदय, खुर्ची’ असा आहे. केळ्याला ग्रीकमध्येही ‘बनाना’च म्हणतात. खुर्चीचा इंग्रजी शब्द एका उच्चारात संपतो, ग्रीक ‘कारेक्ला’ला तीन लागतात. सूर्योदयासाठी ‘आनातोली’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ पूर्व दिशा असाही होतो. मूळ चाचणी न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घेतात ते असल्या जागा सापडाव्यात म्हणूनच. दुसऱ्या एका जुन्या, १९७५ च्या चाचणीत एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगायची असतात. ग्रीकमध्ये ‘ई’ हा एकच उच्चार पाच-सहा प्रकारे लिहितात. तिथे असा शब्द निवडताना सांभाळावे लागते, नाहीतर स्मृतीऐवजी शुद्धलेखनाचीच परीक्षा व्हायची!

शब्द जमले तरी गुणांचा अर्थ आपोआप जमत नाही. १९४१ ते १९४४ हा परकीय अंमलाचा काळ आणि १९४६ ते १९४९ चे यादवी युद्ध यांत ग्रीसमधील कित्येक मुलांची शाळा तुटली. नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले ते १९७६ मध्ये. ऑलिव्हच्या विक्रीचा हिशेब तोंडी करणाऱ्या, पण पेन्सिल क्वचितच धरलेल्या आजीचे घड्याळ वाकडे आले, तर त्यावरून काय ठरवायचे? इयत्ता बदलली की तीच प्रश्नपत्रिका वेगळे मोजते, हे शिक्षकांना सांगायला नको.

म्हणून पुष्कळ वृद्धांना नवी चाचणी द्यायची, आणि त्यांचे गुण ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाने त्याच व्यक्तींना सविस्तर तपासायचे. मग दोन्ही निष्कर्ष कोणत्या गुणापाशी सर्वांत चांगले जुळतात ते पाहायचे. ही रेषा वर नेली तर निरोगी माणसांवरही संशयाचा शिक्का बसतो आणि शस्त्रक्रिया विनाकारण लांबू शकते. खाली आणली तर ज्यांना जपायला हवे तेच निसटतात. दोन परीक्षकांचे गुण जुळतात की नाही, हेही पाहावे लागते.

रुग्णालयाची स्वतःची अडचण वेगळीच. शस्त्रक्रियेच्या सकाळी माणूस उपाशी, घाबरलेला, कदाचित वेदनेत असतो, आणि श्रवणयंत्र काढून ठेवलेले असते. मुळात ऐकूच न आलेला शब्द तो आठवणार कसा? त्यापेक्षा काही दिवस आधी, भूलतज्ज्ञाच्या तपासणीच्या वेळी, कानात यंत्र असताना ही तीन मिनिटे काढलेली बरी.