जळक्या ऑइलचा वास आणि पद्मिनीच्या काळातले आडाखे

ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. गिरगाव-परळच्या नाकांना जळक्या ऑइलचा वास ओळखायला शिकवलं ते या १०८९ सीसीच्या गाडीने. गाडी गेली, तिच्यावरून बांधलेले आडाखे मात्र मागे राहिले. ते आजच्या गाड्यांना लावले की खिशाला कात्री लागते.

त्यातला सर्वांत महागडा समज म्हणजे वास आला की इंजिनचं काम निघालं. खरं तर पुष्कळदा ऑइल इंजिनच्या आत जळतच नसतं. बाहेर पाझरून तापलेल्या धातूवर पडत असतं. इंजिनच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असतं आणि त्याखाली पॅकिंग. वर्षानुवर्षं तापून-निवून हे पॅकिंग कडक होतं, आक्रसतं आणि कडेने ऑइल ओघळू लागतं. खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असला तर पडलेला थेंब जमिनीवर पोचण्याआधीच जळून जातो. म्हणून ‘गाडीखाली डाग नाही, म्हणजे गळती नाही’ हेही चूक. चाळीच्या अंगणातली फरशी कोरडी राहील आणि वास येतच राहील.

तो वास सिग्नलला जास्त का येतो? गाडी पळत असताना वारा तो मागे नेतो. लालबागला गाडी खोळंबली की बॉनेटखालची हवा पुढच्या काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून एसीत शिरते. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की वास बंद होतो आणि माणूस निश्चिंत होतो. गळती चालूच असते.

ती शोधायला मोठं यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना टॉर्चच्या उजेडात सगळं पुसून घ्यावं, काही दिवस गाडी चालवावी आणि पुन्हा बघावं. ऑइल वरून खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे सर्वांत जास्त माखलेली जागा बऱ्याचदा दोषी नसते. दोषी असते ती सर्वांत वरची ओली जागा. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर सांडलेल्या ऑइलचा वास थोड्या फेऱ्यांत विरतो. नाही विरला, तर आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लग बघायला सांगा.

पॅकिंग बदलूनही पुन्हा गळलं की आपण ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्याला डुप्लिकेट माल दिल्याचा दोष देतो. कधी तो खराही असेल! पण आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. इंजिनच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढणारी ही छोटी झडप चोंदली, तर आत दाब वाढतो आणि नवं पॅकिंगही ऑइल सोडतं. पॅकिंगवर बाहेरून सिलिकॉन थापणं हा तर निव्वळ वेळकाढूपणा. आत गेलेला त्याचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो.

‘निळा धूर नाही, म्हणजे ऑइल खात नाही’ हा खास पद्मिनीचा वारसा. तिच्या जुन्या मॉडेलांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता. आत थोडं ऑइल जळलं तरी सायलेन्सर चुगली करायचा. आजच्या गाडीत हा कन्व्हर्टर बराच धूर गिळतो आणि त्यापायी स्वतः खराब होत जातो. त्यामुळे धुरापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवावा. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी ऑइलची पातळी बघावी आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवावी. निळा धूर दिसलाच, तर तो केव्हा येतो ते बघावं. सकाळी पहिल्या स्टार्टला एकच झोत आला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. जोर देताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगवर. इंजिन खोलायची भाषा तिथे सुरू व्हावी, त्याआधी नाही.

पातळी उतरली म्हणून काठोकाठ ऑइल ओतणंही वाईट. क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेस आणतो. गळतीवर उतारा म्हणून जाड ऑइल घालणं जुन्या इंजिनात खपून गेलं. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालू नये. आणि सीएनजीची गाडी म्हणून ऑइल बदलणं टाळू नये: सीएनजीवर ते कमी काळं पडतं, एवढंच. जुनं ते होतंच.

काही वेळा तर हा वास ऑइलचा नसतोच. प्रभादेवीचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यावर गाड्या टिळक पुलाकडे आणि करी रोडकडे वळल्या. तिथल्या पुलांच्या चढावर गर्दीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट करपते. तो वास जळक्या कागदासारखा असतो आणि क्लचला उसंत दिली की ओसरतो. सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवीही असाच घोळ घालते.

बॉनेटमधून धूर येऊ लागला तर मात्र तर्क करत बसू नये. गळणाऱ्या ऑइलला पेटायला ठिणगी लागतेच असं नाही. पुरेसा तापलेला मॅनिफोल्ड पुरतो. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि १०१ लावा. बॉनेट सताड उघडू नका, आगीला हवा मिळते. शेजारच्या टपरीवरून कोणी मदत म्हणून बादली घेऊन धावत येईल, त्यालाही थांबवा: ऑइलच्या आगीवर पाणी नको, कोरड्या पावडरचा सिलिंडर हवा.