फटकळ म्हणावं की खरी? मालिकेतल्या सागाची गोष्ट

कर्जाचे हप्ते आणि बँकेची कामं आज थोडी बाजूला ठेवूया. आज एका पोलीस अधिकारी बाईची ओळख करून घेऊ. तिचं नाव सागा नोरेन. ती एका मालिकेतली आहे, पण तिच्यासारख्या मुली आपल्या गावांतही आहेत, म्हणून हा विषय घेतला.

स्वीडन आणि डेन्मार्क हे युरोपातले दोन शेजारी देश. मध्ये समुद्राची खाडी आहे. स्वीडनचं मालमो आणि डेन्मार्कचं कोपनहेगन ही दोन शहरं जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा पूल २००० साली सुरू झाला. या पुलावरूनच मालिकेचं नाव पडलं, आणि त्या नावाचा अर्थही 'पूल' असाच आहे. २०११ ते २०१८ या काळात तिची चार पर्वं आली. दोन्ही देशांनी मिळून ती काढली.

पहिल्याच भागात रात्री पुलावरचे दिवे जातात. दिवे परत येतात तेव्हा दोन देशांच्या बरोबर हद्दीवर एका बाईचं प्रेत पडलेलं असतं. एकाच बाईचं वाटतं, पण निघतात दोघींचे अर्धे-अर्धे देह. एक स्वीडनची, एक डेन्मार्कची. त्यामुळे तपास दोन्ही देशांच्या पोलिसांना मिळून करावा लागतो. स्वीडनकडून येते सागा, डेन्मार्ककडून मार्टिन.

तपास चालू असताना एक अँब्युलन्स येते. आत हृदयाचा गंभीर रुग्ण आहे. सागा म्हणते, पूल बंद आहे, कोणालाही सोडायचं नाही. मार्टिनला दया येते, तो गाडी सोडतो. सागा त्याच्या तोंडावर सांगते की मी तुझी तक्रार करणार. तिच्या मनात राग नसतो, सूडही नसतो. नियम मोडला की कळवायचं, एवढंच तिला ठाऊक.

सागा अशीच आहे. फोन उचलला की दर वेळी आपलं नाव आणि आपलं खातं सांगते. शर्ट खराब झाला तर ऑफिसात सगळ्यांसमोर बदलते, त्यात लाजण्यासारखं काय हे तिला कळत नाही. विनोद झाला की सगळे हसतात, ती बघत राहते. कोणी विचारलं, "कशी दिसते मी?" तर जे दिसतं तेच सांगते. खोटं तिला बोलता येत नाही. पण हजार कागदांत एक तारीख चुकलेली असेल तर ती सागाला दिसते. इतरांना कंटाळा येतो तिथे तिचं लक्ष हलत नाही.

आपल्याकडे अशा बाईला काय म्हणतील? फटकळ. हेकट. माणुसकी नसलेली. घुमी. प्रेक्षकांनी मात्र ओळखलं की ही ऑटिस्टिक आहे. मालिकेत तो शब्द कुठेही उच्चारलेला नाही, पण तिचं वागणं तसंच लिहिलेलं आणि साकारलेलं आहे.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ऐकला की वाटतं, स्वतःतच बुडालेली, दुसऱ्याची पर्वा नसलेली व्यक्ती. सागा तशी नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तिला कळतं की मार्टिननेच एक गुन्हा केलाय. मार्टिन हा तिला सगळ्यात जवळचा माणूस. ती त्याचीही तक्रार करते, आणि त्याचं दुःख तिला पुढे सतत होत राहतं. माया असते, ती दाखवायची रीत वेगळी असते. ऑटिझम हा आजार नाही. जन्मापासून मेंदूची घडण वेगळी असते. बोलणं, नजर, आवाज, स्पर्श, माणसांचे न बोललेले इशारे, हे सगळं त्या व्यक्तीपर्यंत वेगळ्या तऱ्हेने पोचतं.

आता या मालिकेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. सागाचे साहेब आहेत हान्स. ते तिच्यावर ओरडत नाहीत आणि तिला बाजूलाही ठेवत नाहीत. कुठे काय बोलू नये, समोरचा का दुखावला, हे तिला सरळ शब्दांत सांगतात. "तुला समजायला हवं होतं" असं म्हणत नाहीत. सागा ऐकते, लक्षात ठेवते, तसं वागून बघते. तिसऱ्या पर्वात हान्स त्या जागेवर राहत नाहीत. नव्या साहेबबाईंना सागा समजत नाही. बुद्धी तीच, मेहनत तीच, तरी सागा कोसळू लागते. म्हणजे बदललं काय? तिच्या पाठीशी समजून घेणारं जे एक माणूस होतं, तेच गेलं.

घरात, शाळेत, अंगणवाडीत तो हान्स आपण होऊ शकतो. "नीट वाग" म्हटलं तर अशा मुलीला काहीच कळत नाही. "पाहुणे आले की नमस्कार कर, मग आत जाऊन बसलीस तरी चालेल" असं म्हटलं तर कळतं. उद्या लग्नाला जायचं असेल तर आजच सांगा: किती वाजता निघायचं, तिथे डीजे वाजेल, त्रास झाला तर कुठे बसायचं. ती कानावर हात ठेवते तेव्हा नखरे करत नसते. तो आवाज तिला खरंच सोसत नाही.

अशा मालिकांचा एक धोकाही आहे. बघणाऱ्याला वाटतं, ऑटिस्टिक म्हणजे अचाट बुद्धीचा माणूस. तसं नसतं. कोणी खूप हुशार असतं, कोणी साधारण, कोणाला आयुष्यभर बोलता येत नाही, कोणाला अंघोळीलाही मदत लागते. गुन्हे शोधता आले तरच मान द्यायचा, असं असू नये.

दुसरं असं, की ही माणसं पडद्यावरही बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच साकारली. आता थोडा बदल होतोय. २०२५ साली ब्रिटनमध्ये 'पेशन्स' नावाची मालिका आली. यॉर्क शहरातल्या पोलिसांच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात काम करणारी ऑटिस्टिक तरुणी गुन्ह्यांचा छडा लावायला मदत करते. ती भूमिका करणारी अभिनेत्री स्वतः ऑटिस्टिक आहे. त्या मालिकेत ऑटिस्टिक मोठी माणसं एकत्र बसून आपल्या अडचणी बोलतात, असा एक गटही आहे. गटाची ताकद आपल्याला वेगळी सांगायला नको.

मुलींच्या बाबतीत ऑटिझम बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो. मुली इतरांचं बघून नक्कल करतात, त्रास लपवतात, आणि आपण म्हणतो, "गुणाची पोर, कोणाच्या अध्यातमध्यात नाही." म्हणून लहानपणीच लक्ष द्या. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, येत असलेले शब्द बोलायचं थांबतं, नजर देत नाही, वस्तू पुन्हा पुन्हा एका रांगेत लावतं. यातलं काही दिसलं म्हणजे ऑटिझमच आहे असं नाही, पण तपासणी करायला हवी. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना दाखवा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याला पाठवतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे ठरलेल्या तपासणीनंतर प्रमाणपत्र मिळू शकतं.

आणि आईला दोष देऊ नका. एके काळी परदेशातले मोठमोठे डॉक्टरही म्हणत, आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ते साफ चुकीचं ठरलं. आईच्या वागण्याने, नोकरीने, गरोदरपणातल्या ग्रहणाने किंवा लसीने ऑटिझम होत नाही. सासूबाईंनीही हे ऐकावं म्हणून मुद्दाम सांगते.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपल्या वस्तीत असं एखादं मूल किंवा मोठं माणूस आहे का, आणि त्याच्या आईला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत म्हणून कोण तिच्या घरी बसू शकेल, हे ठरवा. ठरलं की रेडिओ केंद्राला जरूर कळवा.