चुलीवरची वीज आणि वाऱ्यावरची वीज

ठाण्याच्या माजिवड्याहून बोलतेय. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. बटण दाबलं की दिवा लागतो. पण ती वीज येते कुठून, आज ते पाहू या.

आमच्या माजिवड्यापासून फार लांब नाही, डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये ठाकुर्ली आहे. आगगाड्या विजेवर धावू लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी १९२९ साली रेल्वेने तिथे कोळशाचं वीजघर सुरू केलं. जवळजवळ साठ वर्षं चालून ते बंद झालं.

कोळशाचं वीजघर म्हणजे एक भली मोठी चूलच. पाणी उकळलं की पातेल्यावरचं झाकण खडखडतं ना? तीच वाफ जोराने सोडून चाक फिरवायचं, चाकाला जोडलेल्या यंत्रातून वीज निघते. पण चूल म्हटली की धूर आला, राख आली. आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण फार. शिवाय पाणीही भरपूर लागतं. डहाणूला ५०० मेगावॉटचं असं केंद्र आहे. आपल्या चिकूच्या वाड्यांचं काय होणार, या काळजीने तिथली माणसं कोर्टाची पायरी चढली होती.

आता जग या चुलीपासून दूर सरकतंय. इंग्लंडमध्ये, लंडनला १८८२ साली कोळशावरचं वीजघर सुरू झालं होतं. त्याच देशाने ३० सप्टेंबर २०२४ ला आपलं शेवटचं कोळशाचं वीजघर बंद केलं. तिथे आता वाऱ्यापासून खूप वीज मिळते.

पवनचक्कीचं काम सोपं. वारा पाती फिरवतो, पाती आतलं यंत्र फिरवतात. जाळायचं काही नाही, म्हणून धूर नाही, राख नाही. देशातल्या पहिल्या काही पवनचक्क्या १९८६ साली आपल्या रत्नागिरीत लागल्या. पुढे साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्यात साक्री तालुक्यात त्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज महाराष्ट्रात पाच हजार मेगावॉटहून जास्त पवनचक्क्या आहेत.

मग कोळसा संपला का? नाही. देशातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच आहे. वारा आपल्या मर्जीचा. आपल्याकडे तो जून ते सप्टेंबर जोरात वाहतो, नंतर मंदावतो. म्हणून वाऱ्याला उन्हाची जोड हवी, आणि जादा वीज साठवायची सोयही हवी. घरात तांदूळ, नाचणी, कडधान्य सगळंच ठेवतो, तसंच हे.

आता आपल्या कामाची गोष्ट. वारा फुकट, पण पवनचक्कीला जमीन लागते. नुसती खांबापुरती नाही, रस्ता आणि तारांसाठीही लागते. साक्रीत वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या, तेव्हा तिथल्या आदिवासींना हक्कासाठी लढावं लागलं. म्हणून उद्या कोणी जमीन मागायला आलं, तर घाईने अंगठा देऊ नका. विचारा: जमीन विकत घेणार की भाड्याने? भाडं किती, किती वर्षांनी वाढणार? गुरांची वाट, पाण्याची वाट मोकळी राहणार का? मुदत संपल्यावर लोखंड-सिमेंट कोण उचलणार? कागद मराठीत वाचून घ्या, ग्रामसभेत मांडा.

आणि सगळ्यात आधी घरचा सातबारा बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? नसेल, तर बोलणी तुमच्याशी कोण करणार? लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज दिला, तर त्याच्या जमिनीवर बायकोचंही नाव लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा.

येत्या बैठकीला बचतीच्या वहीबरोबर सातबाराही घेऊन या. एकमेकींचे वाचा.