संगणकीय साधने एकमेकांशी बोलतात कशी?

माजलगावचे धरण सिंदफणा नदीवर आहे. परंतु त्यात केवळ सिंदफणेचेच पाणी येते असे नाही. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा सुमारे १३२ किलोमीटर वाटचाल करून या जलाशयाला पाणी आणून देतो. मात्र दोन धरणे जोडणे म्हणजे नुसता कालवा खणणे नव्हे. पाणी केव्हा सोडले, किती सोडले हे दुसऱ्या टोकाला कळावे लागते. समजा, निरोप आला, '१०० सोडले'. शंभर काय? क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि क्यूमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. १ क्यूमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्यूसेक. निरोप पोहोचला, आकडाही बरोबर. तरी अर्थ पस्तीसपट चुकू शकतो!

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. मोठी आज्ञावली आज एकटा माणूस क्वचितच लिहितो. एकजण पुण्यात, दुसरा नागपुरात, तिसरी माजलगावात असा गट ती लिहितो. या गटाची मुख्य साधने तीन. पहिले आज्ञावलीचे कोठार : कोणती ओळ कोणी व केव्हा बदलली याची नोंद ते ठेवते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'गिट' ही प्रणाली यासाठी जगभर वापरली जाते. दुसरे साधन म्हणजे कामांची नोंदवही आणि तिसरे म्हणजे गटाचा संदेशफलक. ही साधने सुटी असतील, तर एक चूक दुरुस्त केल्यावर तीच गोष्ट तीन ठिकाणी लिहावी लागते. एखादे ठिकाण विसरले, की दुसरा सहकारी झालेलेच काम पुन्हा करीत बसतो.

विचारावे की कळवावे?

जोडणीची एक रीत अशी, की नोंदवहीने कोठाराला दर मिनिटाला विचारावे, 'काही नवे आहे का?' दिवसाला असे १४४० प्रश्न होतात. दिवसभरात बदल पाचच झाले असतील, तर किमान १४३५ फेऱ्या फुकट! दुसरी रीत अधिक सोयीची. बदल होताच कोठारानेच ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडायचा. हिला 'वेबहुक' म्हणतात. निरोप पोहोचला की घेणारे साधन '२००' हा आकडा परत पाठवते. त्याचा अर्थ 'मिळाले'. ही पोच आली नाही, तर अनेक प्रणाली तोच निरोप पुन्हा पाठवतात. म्हणून प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक असावा लागतो. नाहीतर एकच काम दोनदा नोंदले जाईल.

आणखी एक धोका आहे. कोठाराने नोंदवहीला कळवले, नोंदवहीने तो बदल पुन्हा कोठाराला कळवला, तर हे चक्र थांबणारच नाही. ध्वनिक्षेपक कर्ण्यासमोर धरल्यावर निघणारी कर्कश शिट्टी आठवा. तेथेही स्वतःचाच आवाज परत आत शिरत असतो. म्हणून आपणच पाठवलेला निरोप साधनाला ओळखता आला पाहिजे.

जोड किती?

प्रत्येक साधन प्रत्येकाशी थेट जोडले, तर 'न' साधनांना न(न−१)/२ जोड लागतात. ५ साधनांना १०, तर १० साधनांना ४५. त्याऐवजी मध्ये एक सामाईक केंद्र ठेवले, तर १० साधनांना १० जोड पुरतात. मात्र ते केंद्र बंद पडले, की सगळेच मुके होतात.

खरा जोड अर्थाचा

निरोप कोणत्या साच्यात लिहायचा हे आधी ठरवावे लागते. मराठी मजकुराचेच पाहा. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक दिला. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आहे. म्हणून आज माजलगावात लिहिलेला 'क' नागपुरातही 'क'च दिसतो.

साच्याइतकेच एककही महत्त्वाचे. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकेचे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले. जमिनीवरील एक आज्ञावली यानाच्या छोट्या रॉकेटांनी दिलेला आवेग पाउंड-सेकंदांत देत होती. मार्ग ठरवणारी यंत्रणा तोच आकडा न्यूटन-सेकंद समजत होती. १ पाउंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. यान मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे, ते सुमारे ५७ किलोमीटर इतके जवळ गेले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी कायमचे नाहीसे झाले. विशेष म्हणजे न्यूटन-सेकंदच वापरायचे असे लेखी ठरलेले होते. ते पाळले जाते की नाही याची तपासणी पुरेशी झाली नाही. उत्तरापुढे एकक नसले तर आम्ही गुण कापतो, ते उगाच नव्हे!

तेव्हा साधने जोडताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात : निरोप केव्हा धाडायचा, कोणत्या साच्यात, कोणत्या अर्थाने, आणि ठरलेले पाळले जाते हे कसे तपासायचे.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. तिघांनी कोठार, नोंदवही आणि फलक व्हावे. बोलायचे नाही, फक्त चिठ्ठ्या द्यायच्या. एक चिठ्ठी मुद्दाम दोनदा द्या, एकीवरचे एकक गाळा. गोंधळ कोठे होतो ते टिपा आणि तो टाळणारे नियम तुम्हीच लिहून काढा.