नाक कोणाच्या हाती?

नाक दाबले की तोंड उघडते, या म्हणीवर निर्बंधांचे सारे राजकारण उभे आहे. पाकिस्तानच्या लढाऊ विमानांची कथा वाचताना मला मात्र या म्हणीविषयीच शंका येऊ लागते.

पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही, अशी ग्वाही देणे अशक्य झाल्यावर १९९० च्या ऑक्टोबरात अमेरिकेने प्रेसलर दुरुस्तीनुसार मदत थांबवली. २८ एफ-१६ विमानांसाठी पाकिस्तानने ६५.८ कोटी डॉलर भरले. विमाने मात्र ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. १९९८ च्या डिसेंबरात तडजोड झाली, तीही काही रोख आणि काही गव्हासारख्या मालात!

दरम्यान पाकिस्तान चीनकडे वळला होता. तिआनमेन हत्याकांडामुळे १९८९ पासून चीनवरही पाश्चात्त्यांची शस्त्रबंदी होतीच. या समदुःखी शेजाऱ्यांनी १९९९ मध्ये करार केला आणि २००३ च्या ऑगस्टात जेएफ-१७ आकाशात झेपावले. पुढे त्याचा ५८ टक्के सांगाडा पाकिस्तानात, कामरा येथे बनू लागला. आणि इंजिन? ते रशियाचे! परावलंबन संपले नाही, फक्त दुकानदार बदलला.

आपण यावर हसू नये. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर तेजसच्या कामासाठी अमेरिकेत असलेल्या आपल्या अभियंत्यांनाही परत पाठवण्यात आले होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझरहून तेजस मार्क-१ए झेपावले, तेव्हा मलाही अभिमान वाटला. त्याचे इंजिन मात्र अमेरिकन आहे. ज्याच्या हाती इंजिन, त्याच्या हाती आपले नाक, हे विसरून कसे चालेल?